आईची गाणी आणि आपोआप उघडणारी डिस्क

आईची गाणी मी इतकी सुरक्षित ठेवली, की शेवटी ती मलाही ऐकता येईनात.

आमच्या आईला पूर्वी वाशिंदपासून शहापूरपर्यंत हळदीत गायची बोलावणी असायची. लग्नातले धवळे तिला तोंडपाठ. दोन वर्षांपूर्वी तिच्या घशाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा माझ्या बायकोनं, सुनंदानं, तिची चाळीस गाणी मोबाइलवर घेऊन ठेवली. आई बरी झाली, पण आवाज घोगरा झाला आणि तिनं गाणं सोडलं. पुढं तो मोबाइल विहिरीत पडला. पण त्याआधी मी गाणी एका हार्ड डिस्कवर उतरवून तिला सव्वीस अक्षरी पासवर्डचं कुलूप घातलं होतं. (धवळे कोण चोरणार? पण मी लिनक्सवाला, कॉम्प्युटरचं सगळं स्वतःच्या हातानं बसवणारा. आम्हाला चोरांची भीती नसली की चैन पडत नाही!)

सापगावला माझ्या बहिणीच्या मुलीची, पल्लवीची, हळद ठरली. आईनं हळूच विचारलं, "ती गानी लावशील का रे मांडवात?"

"लावीन म्हणजे काय! डिस्क जोडली, लॅपटॉप चालू केला की गाणी आपोआप सुरू!"

"अहो, साधा पासवर्ड टाका ना," सुनंदा म्हणाली.

साधं काही करणं माझ्या स्वभावात नाही. हळदीच्या दिवशी सकाळी मी इंटरनेटवर वाचून लॅपटॉपच्या दोन फायलींत दोन ओळी लिहिल्या: एक डिस्कचं कुलूप उघडायला, दुसरी आतली गाणी काढायला. दोन्हींत रात्रीच टिपून ठेवलेला डिस्कचा नंबर टाकला आणि लॅपटॉप बंद करून चालू केला. पडद्यावर आलं: डिस्कची वाट पाहत आहे, दीड मिनिट. मीही पाहिली. दीड मिनिटानं पडदा काळा झाला आणि वर इंग्रजीत सूचना, की आणीबाणी आहे!

मी टेबलावर पाहिलं. डिस्क नव्हती. सुनंदाला फोन लावला.

"डिस्क कुठाय?"

"माझ्याजवळ, हळकुंडांच्या डब्यात. आईंना घेऊन मी सापगावला पोचले पण! तुम्ही विसराल म्हणून आणली."

म्हणजे लॅपटॉप वाशिंदला बसून सापगावच्या डिस्कची वाट बघत होता, आणि ती आल्याशिवाय पुढं जाणार नव्हता! मी तो काखोटीला मारून रिक्षा पकडली.

मांडवात स्पीकर लावून तयार. पंचवीस बायका आईभोवती बसलेल्या. मी ऐटीत डिस्क जोडली, लॅपटॉप चालू केला. पुन्हा काळा पडदा! बंद. चालू. काळा!

"वायर हलवून बघा," मेव्हणे म्हणाले.

"आमचा टीवी असाच करतं. वरनं थापट मार," शेजारची काकू म्हणाली.

"नारळ फोडला का?" कुणीतरी मागून विचारलं. (चौथ्या वेळेस मी तोही फोडला!)

मग माझ्या ध्यानात आलं. मोबाइल विहिरीत गेल्यावर गाणी या एकाच डिस्कवर उरली होती. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत माझ्याकडे बघत राहिली. ते तिच्या रागावण्यापेक्षा वाईट होतं.

तेवढ्यात तोंडभर हळद लावलेली पल्लवी पाटावरून उठली. ती कल्याणला कॉम्प्युटरच्या ऑफिसात काम करते, हे मी साफ विसरलो होतो.

"मामा, सरक. नंबर कोणता टाकलास?"

"डिस्कवरचा."

"दोनी फायलींत?"

"हो."

"अरे, कुलपाचा नंबर वेगळा, आतल्या कप्प्याचा वेगळा! कपाट सोडून कुलपातच कपडे ठेवायला निघालास तू."

"गो पोरी, पाटावरनं उठू नये!" काकू ओरडली.

"दोन मिनटं, काकी," म्हणत ती पिवळ्या बोटांनी भराभर टाइप करू लागली. डिस्क नसली तरी अडून न बसता पुढं जायचं, असं सांगणारा एक शब्दही तिनं जाता जाता घातला.

नवरी लॅपटॉपपाशी, पाट रिकामा. आईला ते बघवेना. तिनं घसा खाकरला आणि घोगऱ्या आवाजात पहिली ओळ धरली. दोन वर्षांनी! आवाज फाटला तिथं काकूनं उचलला, मग सुनंदानं, मग सगळ्यांनीच. मी डोळे पुसतोय, तोच स्पीकर कडाडला. डिस्क उघडली होती! दोन वर्षांपूर्वीची आई खणखणीत गाऊ लागली.

आईनं क्षणभर कान देऊन ऐकलं.

"बंद कर तिला," ती म्हणाली. "चाल चुकतंय बाय!"

मांडव हसून लोटपोट. पल्लवी परत पाटावर बसली, आणि संध्याकाळपर्यंत आईच गायली.

आता दर रविवारी आमच्या ओटीवर पाच-सहा जणी आईकडून धवळे शिकायला बसतात. रेकॉर्डिंगची जबाबदारी माझ्याकडे आहे. आईनं बजावलंय, "तू नुसता बटन दाब. बाकी काय पन करू नको."

मी तिचं अक्षरशः ऐकतो. नुसतं बटण दाबतो. (पहिले दोन रविवार माइक लॅपटॉपला जोडलेलाच नव्हता, पण तिनं मला तेवढंच सांगितलं होतं!)