गाळलेली दोन पानं

यंदा इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत माझ्या मुलीने नाटक बसवलं. जुनी कादंबरी, पण आजच्या काळात आणलेली. पुस्तक माझंच, माहेरून आणलेलं, पूर्वी एकदा हळूहळू वाचलेलं. मुलगी इथे कोलकात्यात वाढली. मराठी बोलते, पण वाचायचा कंटाळा. म्हणाली, "आई, तू वाच, मी ऐकते."

मी चौथी शिकलेली. शब्दावर बोट ठेवून वाचते. ती सॉल्ट लेकच्या ऑफिसातून आली की मी वाचायची, ती लॅपटॉपवर नाटक लिहायची. एका संध्याकाळी तिच्या दोन मैत्रिणीही ऐकायला बसल्या. नेमकं तेव्हाच जोडाक्षरांनी भरलेलं पान आलं. पहिल्या ओळीतच मी तीनदा अडखळले. तिघी माझ्याकडे बघत होत्या. मी दोन पानं एकदम उलटली.

त्या पानांत नायिकेची, म्हणजे धाकटीची, थोरली जाऊ होती. पुस्तकभर चुलीशी बसून खाणारी, धाकटीकडे बघून नाक मुरडणारी. दुपारी पुरुष झोपल्यावर तीच मागच्या दाराची कडी काढते आणि धाकटीला म्हणते, "जा, शीक."

नाटकात धाकटी स्वतःच दार उघडते. थोरली नुसती लाडू खाते.

तालमी आमच्याच घरी. थोरलीचं काम शेजारच्या काकूंकडे. त्या म्हणाल्या, "अगं, मला चार वाक्यं तरी दे! किती लाडू खाऊ?"

"खा हो काकू. तुम्ही खाल्लं की नायिका उठून दिसते," मुलगी म्हणाली. सगळ्या हसल्या.

एकीला धीट दाखवायचं तर दुसरीला खुळी करावंच लागतं का, असं मनात आलं. मी चहा टाकायला उठले. ओट्यापाशी हळूच म्हणून पाहिलं, "दार तिनेच उघडलं होतं." मग कप घेऊन बाहेर आले आणि कुणाला साखर कमी हवी ते विचारलं.

प्रयोगाला लोक काकूंना पाहून पोट धरून हसले. मुलीचं खूप कौतुक झालं. घरी आल्यावर तिने विचारलं, "आई, धाकटीला मी धीट केलं, पण थोरली तू वाचलीस तशीच ठेवली ना मी?"

"हो," मी म्हणाले.

आता ती दोन पानं मला न अडखळता वाचता येतात. मुलगी ऑफिसला गेली की मी ती मोठ्याने वाचते.