आजींच्या आईची फिल्म

“खोटं हाय ते. खालनं काडी लावलीय.”

मी हेडफोन काढून मागे पाहिलं. फरशी पुसणाऱ्या आजी पोछा टेकवून उभ्या होत्या. शिरवणे गावातल्या आमच्या ऑफिसात जुन्या फिल्म्स साफ करून कॉम्प्युटरवर उतरवतात. प्रत्येक शॉटमध्ये काय दिसतं ते इंग्रजीत लिहायचं, हे माझं काम. त्या दिवशीच्या शॉटमध्ये एक कातकरी बाई लाकडावर लाकूड घासून आग पेटवत होती.

स्क्रीनशी बोलायची आजींना सवयच होती. हारांत बुडालेला पुढारी दिसला की, “मान मोडंल रं तुजी.” लेझीम खेळणाऱ्या मुली दिसल्या की, “हसा, हसा, नायतर परत करायला लावतील.” परत करायला लावतात हे त्यांना कसं ठाऊक, असं मी कधी विचारलं नाही. मी तशी कुणालाच काही विचारत नाही.

त्या दिवशी त्यांनी आपणहून सांगितलं. पनवेलच्या पुढे डोंगराखाली त्यांची वाडी. शूटिंगवाले जीप घेऊन आले तेव्हा आजी सात-आठ वर्षांच्या होत्या. “आमी कोलशाच्या भट्ट्या लावनारी मानसं. आमच्याकडं काडेपेटी नसंल व्हय? पन सायेब बोलला, घासूनच पेटव. आयला कुठं येत होतं! हात सोलले तिचे. मंग त्यांच्याच मानसानं हलूच काडी लावली.” हे सगळं त्या हसत हसत सांगत होत्या. मग त्यांनी स्क्रीनवरच्या बाईच्या गालापाशी बोट नेलं. काचेला लागू दिलं नाही. “ही सोमी. माजी आय.”

निवेदकाचा भारदस्त इंग्रजी आवाज चालूच होता. या जमातीने अजून आगपेटी पाहिलेली नाही, असं तो सांगत होता.

“काय बोलतो गं तो?”

“म्हणतो, साधी माणसं आहेत.”

“आयचं नाव घेतो?”

“नाही.”

“मंग एवडा वेल काय बोलतोय?”

तेव्हापासून काम आटोपलं की त्या रोज माझ्या खुर्चीमागे यायच्या. “आयला थांबव जरा.” मी फिल्म थांबवायचे. आईचा एकही फोटो त्यांच्याकडे नव्हता. एकदा म्हणाल्या, “मोबाइलात घेऊन दे ना, बाय. नातीला दावते. तू काय कोनाशी बोलत नाय, कोनाला कलनार बी नाय.”

स्क्रीनचा फोटो काढला तर नोकरी जाईल, असं माझ्या करारात होतं. धीर करून मी सरांना विचारलं. ते म्हणाले, “फिल्म आपली नाही, क्लायंटची आहे. आणि ती हिचीच आई कशावरून? प्रूफ काय?” मग माझ्या मजकुरात मी गुपचूप सोमी हे नाव घातलं. मजकूर तपासून परत आला, तेव्हा तिथे फक्त ‘आदिवासी स्त्री’ उरली होती. आजींना मी “बघते” एवढंच म्हणायचे. रोज.

“बघ, पन लवकर बघ. डोले चाललेत माजे.”

मग सफाईचं कंत्राट बदललं. एका सोमवारी दुसऱ्याच बाई पोछा घेऊन आल्या. आजींचा नंबर कुणाकडेच नव्हता. मी गावठाणात त्यांची खोली शोधत गेले. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, “लेकीसंगं गेल्या. खोलीचा अॅग्रीमेंट संपला ना. कुठं गेल्या, नाय ठाव.”

गेल्या महिन्यात वाशीला एका महोत्सवात ती फिल्म दाखवली. आग पेटली तेव्हा माझ्या शेजारची मुलगी पुटपुटली, “किती ऑथेंटिक!” नंतर चर्चा झाली, सगळी इंग्रजीत. प्रकाश, फ्रेम, हरवलेलं निरागस जग. मी हात वर केला. माइक हातात आला आणि जन्मभर शिकलेलं इंग्रजी कुठे गेलं कळेना. स्टेजवर चर्चा चालवणाऱ्या बाई घड्याळ बघत हसल्या. “येस?”

“त्या बाईंचं नाव सोमी,” मी म्हटलं. “त्यांच्या मुलीने माझ्याकडे आईचा एक फोटो मागितला होता. मी दिला नाही.”