बोटीच्या बॅटरीची चिठ्ठी

मामाजी गेल्याचं आम्हाला तलावाजवळच्या बागेतल्या माळ्याने येऊन सांगितलं. सायकल दाराला टेकवून तो म्हणाला, "बोटवाले गेले जी." झारी भरून ठेवली, कट्ट्यावर बसले, आणि उठलेच नाहीत. मला आधी रडू आलं नाही, राग आला. नऊ वर्षं त्या माणसाला बोटीला हात लावू दिला नाही, गुलाबांना पाणी घालायला ठेवलं, आणि गेल्यावर म्हणे बोटवाले. दोन महिने होत आले तरी राग उतरत नाही, म्हणून ही वही काढली आहे.

मामाजी म्हणजे माझे सासरे. मी काटोलकडची, चौथी शिकलेली. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. लग्नानंतर रेशनच्या ऑफिसात मला नाव विचारलं तर घशातून आवाजच फुटला नाही. शेवटी मामाजींनी सांगितलं आणि घर येईपर्यंत हसत राहिले. "नाव तं तुहंच होतं ना वं, त्याले काय शेजारनीले इचाराव लागते?" पण त्यांचं हसणं मला कधी टोचलं नाही. त्यांना स्वतःला अक्षरओळख नव्हती. गावाकडून पत्र आलं की ते माझ्यापुढे ठेवायचे आणि मी वाचत असताना टोपी काढून बसायचे.

तलावावरची सरकारी मोटारबोट तेच चालवत; तलाव आणि बाग एकाच ऑफिसाकडे. बोटीची जुनी बॅटरी बसली तेव्हा ते सुतळी घेऊन गेले आणि बॅटरीच्या पेटीचं माप घेऊन आले. लांबी, रुंदी, उंची, तिन्हीच्या गाठी एकाच सुतळीला. मी चुलीपुढे होते. म्हणाले, "सुनबाई, साहेबाले चिठ्ठी लिहाची हाय. तोंडी सांगतलेलं त्याच्या डोक्यात राह्यत नाही." मी फूटपट्टी लावून गाठींचे इंच केले. ते सांगत गेले तसं मी लिहीत गेले. मोटारीची बॅटरी नको, ट्रकची पाहिजे. मी विचारलं, "काहून जी? बॅटरी तं बॅटरीच असते."

"तसं नाही बाई. डिझेलचं इंजिन हाय. सेल्फ मारला का एकदम जोर लागते. आन् बोट दिवसभर थरथरते. मोटारीच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ, थरथरून त्याचा भुगा होते, भुगा खाली साचते, का बॅटरी मेली. वरून पाह्यलं तं नवीच दिसन." मग म्हणाले, "आन् पेटीत घट्ट बसली पाह्यजे. हालली का संपली."

एक थेंब शाई सांडली म्हणून मी चिठ्ठी पुन्हा लिहिली. खाली फक्त 'बोटवाला' एवढंच लिहिलं. माझं नाव कशाला लिहायचं?

आठ दिवसांनी साहेबाने मोटारीचीच बॅटरी पाठवली. त्या संध्याकाळी मामाजी जेवताना सांगत होते. साहेब म्हणाला, बारा व्होल्टची हवी ना, ही बाराचीच आहे, बारा म्हणजे बारा. "म्या म्हटलं, साहेब, बैलाले चार पाय आन् बकरीलेही चार. वखराले कोनाले जुंपता?" आम्ही सगळे हसलो. पेटीत ती बॅटरी सैल बसत होती. त्यांनी बाजूने फळ्या ठोकल्या, पोतं कोंबलं आणि बोट चालवली.

दोन महिन्यांनी एका रविवारी बोटीत बारा-तेरा माणसं होती. फोटो काढायला म्हणून त्यांनी तलावाच्या मधोमध इंजिन बंद करायला लावलं. नंतर सेल्फ मारला तर नुसतं टक्... टक्. वारा सुटला होता. बोट वाहत दगडी भिंतीकडे गेली. मामाजींनी पाण्यात उडी टाकून खांद्याने बोट अडवून पाहिली, तरी एका बाईचा हात मध्ये सापडला. दोन बोटं मोडली. चौकशी बसली.

चौकशीच्या आदल्या दिवशी मी तांदूळ निवडत होते. मामाजी दारात उभे राहिले. म्हणाले, "सुनबाई, चार मानसांत बसून लिहून दाखवता येईन काय वं तुले?" मला वाटलं, रेशनच्या ऑफिसची चेष्टा चालली आहे. मी पदर तोंडाला लावून हसले. म्हटलं, "नाही बापा, मले नाही जमत." ते म्हणाले, "बरं." आणि पाय धुवायला गेले.

चौकशीत ठरलं की बोटवाल्याने बॅटरीत वेळेवर पाणी टाकलं नाही. त्यांना बागेत टाकलं. आमच्या घरात आमचे हेसुद्धा म्हणाले, "राह्यलं असन बाबाचं, वय झालं." मामाजींनी ऐकलं आणि ताट पुढे ओढलं. मी एकदा विचारलं, "मामाजी, आपल्या चिठ्ठीचं काय झालं?" तर म्हणाले, "हरपली ऑफिसात."

तेरवीला ऑफिसातले बाबू आले होते. जेवण झाल्यावर सुपारी कातरत मला म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे हो." मी दचकले. मग त्यांनी सांगितलं. चिठ्ठी हरवली नव्हती. चौकशीच्या आधी साहेबाने ती मामाजींपुढे धरली. म्हणाला, तुला तर लिहिता येत नाही, ही बोट आदळल्यावर कोणाकडून तरी लिहून घेतलीस. लिहिणाऱ्याला उद्या समोर आण, सगळ्यांपुढे लिहून दाखवू दे आणि कधी लिहिली ते सांगू दे. दुसऱ्या दिवशी मामाजी एकटेच गेले आणि म्हणाले, लिहिणारं कोणी नाही, चिठ्ठी माझी नाही.

"ती चिठ्ठी बॅटरी येण्याआधी मीच घेतली होती, सुनबाईने लिहिली म्हणाले होते," बाबू म्हणाले. नऊ वर्षं हे या माणसाच्या पोटात होतं, आणि वर आमच्याकडे लाडू खाऊन सांगतो! चार माणसं बसली होती, मी सुपारीचं तबक उचलून आत गेले.

साहेबाचा राग येतो, बाबूचा येतो. पण मामाजी, सगळ्यात जास्त राग मला तुमचा येतो. कशासाठी लिहून दाखवायचं ते काहून नाही सांगितलं? मी थरथरले असते, शाई सांडली असती, पण लिहिलं असतं. तुम्ही माझी लाज राखली आणि स्वतःचं नाव बुडवलं. मला न विचारता. नाही, विचारलंत... पण अर्धंच विचारलंत, आणि मी हसले.

सुतळी अजून स्वयंपाकघरात खिळ्याला आहे. काढू गेलं की म्हणायचे, "राहू दे, बॅटरी बदलाची येळ येईन." आज मी ती काढली, फूटपट्टीवर धरली. तेच इंच. चिठ्ठी परत लिहिली. मोटारीची नको, ट्रकची पाहिजे. जाड प्लेटांची. पेटीत घट्ट बसणारी. बोटवाल्याने सांगितलं, बॅटरी येण्याआधी आठ दिवस.

खाली या वेळी माझं पूर्ण नाव लिहिलं आहे. उद्या सोमवार. ऑफिस उघडलं की जाते. म्हणतील, इथे बसून लिहून दाखवा... तर पेन माझ्याजवळ आहे.