बोटभर सैल टोपी

आमच्या सहकारी दूध संस्थेत दूध मोजून घेणाऱ्या काकू मापाला लई पक्क्या. फेस बसल्याशिवाय त्या लिटर धरायच्या नाहीत. दुष्काळात दूध आटलं आणि त्यांचे हात मोकळे झाले. मग केमोनं केस गेलेल्या बायकांसाठी त्या जुन्या सुती लुगड्यांच्या टोप्या शिवून अंबाजोगाईच्या दवाखान्यात पाठवू लागल्या. माझ्या बहिणीलाही एक मिळाली.

"काकू, टोपी डोळ्यावर येतीया," मी सहज बोलून गेलो. त्यांनी आपला अंबाडा चाचपला. माप त्यांनी स्वतःच्या दाट केसांवरून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा पदर घसरला, तर डोकं तुळतुळीत.

"कावून बगतूस? दुष्काळात न्हायला पानी कुठं हाय?" म्हणत त्यांनी अर्धवट शिवलेली टोपी डोक्यावर चढवली आणि बोटभर आत टाचणी लावली.