कुसुमताईचं माइक टेस्टिंग

ऑर्केस्ट्रात वीस वर्षं काढली की घरात दोनच गोष्टी साठतात : जळलेल्या वायरी आणि किस्से. वायरी भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही, ते घशाशी येऊन बसतात. माझ्याकडचे निम्मे किस्से कुसुमताईचे आहेत आणि ते सांगताना मी हसतो कमी, दात-ओठ खातो जास्त. तिखटमीठ लावायची मला सवय आहे, ते मान्य. पण ह्यातल्या ज्या गोष्टींवर तुमचा विश्वास बसणार नाही, नेमक्या त्याच खऱ्या आहेत.

कुसुमताई म्हणजे आमच्या झुळूक मेलडी पार्टीची गायिका. मी कीबोर्ड वाजवतो आणि मिक्सरही सांभाळतो. म्हणजे कुणाचा आवाज वाढवायचा आणि कुणाचा पाडायचा, हे माझ्या बोटांत. तिचं गाव धनजच्या पुढं. नाव सांगत नाही, मला त्याच रस्त्यानं रोज जावं-यावं लागतं. सकाळी ती कारंज्याच्या बाजारात मेथी आणि वांगी विकायची, संध्याकाळी स्टेजवर उभी राहायची. आवाज असा, की तिनं कारंज्यात वरचा सा लावला तर इंझोरीच्या म्हशी दूध चोरायच्या थांबायच्या. खोटं वाटत असेल तर म्हशींना विचारा!

*

माइक टेस्टिंग ती दुसऱ्या कुणाला करू द्यायची नाही. डोळे मिटायची आणि शांतपणे सुरू करायची, "हॅलो... माइक टेस्टिंग... एक... दोन... तीन..." ते थेट दहापर्यंत! मधला एक आकडा गाळायची नाही.

एका लग्नात नवरदेवाचा मामा वैतागला. "बाई, गाणं म्हणायले आणलं का पाढे म्हणायले?"

"पहिले मागच्या माणसाले ऐकू जाते का पाहू द्या ना बापा. ऐकूच गेलं नाई तर बोलून काय फायदा?"

"येते ऐकू!"

"तुमाले येते. तुमी पुढंच बसले. मागची बाई सांगन तवा खरं."

आणि खरोखर, मंडपाच्या पार टोकाला भांडी घासणाऱ्या बाईनं हात वर केला, तेव्हाच पहिलं गाणं सुरू झालं.

*

फर्माइशीच्या चिठ्ठ्या ती सगळ्या मोठ्यानं वाचायची. एकदा चिठ्ठी आली, "गाणं राहू द्या, नुसती कंबर हलवा." खाली नाव नाही. मर्द असले लिहितात, नाव लिहायची हिंमत होत नाही!

पण गडी हुशार. कागद सापडला नाही म्हणून त्यानं स्वतःच्याच व्हिजिटिंग कार्डाच्या मागं लिहिलेलं! कुसुमताईनं कार्ड उलटलं आणि माइकमध्ये सगळं वाचलं : नाव, पक्षातलं पद, तालुका उपाध्यक्ष, मोबाइल नंबरसकट. मग म्हणाली, "यायची माय आली असन तर स्टेजवर या. दोघी मिळून हलवू."

माय आली. पण स्टेजवर नाही, सरळ उपाध्यक्षाकडं. हातात चप्पल होती.

*

आता भाऊसाहेब. कुसुमताईच्या गावाच्या सरपंच सुलोचनाबाई, पण कारभार त्यांच्या नवऱ्याचा. हेच ते भाऊसाहेब. गावात आरोग्य उपकेंद्राची इमारत झाली, उद्घाटनाला आमची पार्टी. कुसुमताई गाणार म्हणून आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरून बाया लेकरं काखेत घेऊन आल्या. भाऊसाहेबांनी ओट्यापुढची फीत कापली, टाळ्या झाल्या, समोसे झाले. दाराला मात्र कुलूप.

"चाबी जिल्ह्यावरून येऊन राह्यली," भाऊसाहेब म्हणाले.

पुढच्या वर्षी पुन्हा उद्घाटन! पाटीवर लिहिलेलं, 'नूतनीकरण'. ज्या इमारतीत अजून एका माणसानं पाय ठेवला नव्हता, तिचं नूतनीकरण! आम्ही पुन्हा गेलो. तेच कुलूप, फक्त जरा गंजलेलं.

"भाऊसाहेब, चाबी आली का?" कुसुमताईनं विचारलं.

"रस्त्यात हाय."

"पायी येऊन राह्यली का?"

त्याच कार्यक्रमात तिनं पुकारलं, "आता सरपंच सुलोचनाबाई दोन शब्द बोलतीन." सुलोचनाबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्याही होत्या. भाऊसाहेबांनी मधूनच माइक घेतला, "मॅडमच्या वतीनं मीच बोलतो."

कुसुमताई म्हणाली, "बोला ना. हार त्यायच्या वतीनं तुमीच घातला, समोसाबी त्यायच्या वतीनं तुमीच खाल्ला."

*

हा किस्सा नाही.

कुसुमताईच्या धाकट्या जावेला दिवसाढवळ्या कळा सुरू झाल्या. घरापासून उपकेंद्र साठ पावलं. मी मोजली आहेत. दोनदा उद्घाटन झालेलं, रंग दिलेलं, बंद. तिला मालवाहू ऑटोत वांग्यांच्या रिकाम्या क्रेटांमध्ये टाकून कारंज्याला निघाले. लेकरू वाटेतच झालं. रडलं नाही.

दुसऱ्या दिवशी कुसुमताई माझ्याकडं आली. "दिवाकरभाऊ, त्या कुलपापुढं लोकं कोणी जमवले?"

मी कीबोर्डवरची धूळ पुसायला लागलो.

"म्या जमवले. गाऊन जमवले. दोन खेपा." मग म्हणाली, "ते दार उघडत नाई तवरक मी लग्नात गात नाई. पहिल्या बाळंतपणाले माही लेक वर्षा माहेरी येऊन राह्यली. तिले चौथा महिना हाय. मले पाच महिने हायेत."

*

वर्षानंच तिला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. पार युक्रेन देशातली कोणी गाणारी बाई. कडाक्याच्या थंडीत चौकात स्टेज टाकलेला, समोर सरकारवर चिडलेली हजारो माणसं, आणि ही बाई त्यांच्यासाठी गाते आहे. एक दिवस नाही, कित्येक दिवस.

कुसुमताईनं तो पाच वेळा पाहिला. मला वाटलं, आता काहीतरी थोर बोलणार.

"साउंड कोणाचा हाय तिचा? मागच्यालेबी ऐकू जाऊन राह्यलं!"

जरा वेळानं म्हणाली, "तिलेबी म्हणत असतीन ना तिकडचे भाऊसाहेब, नाचणाऱ्या बाईनं राजकारणात कायले पडाव म्हणून?"

"म्हणत असतील."

"मंग बरोबर हाय. आपण योग्य लायनीत हावो."

*

तिनं तालुक्याच्या कचेरीपुढं बसायचं ठरवलं. ठाणेदारांनी बजावलं, "गाण्याची परवानगी आहे. भाषणाची नाही. एक वाक्य बोललात तर माइक जप्त!"

"बोलतच नाई साहेब," कुसुमताई म्हणाली. मला हळदीच्या गाण्याची चाल वाजवायला लावली, पदर खोचला आणि निवेदनाचा कागद जसाच्या तसा गायला घेतला!

"प्रति... माननीऽऽय साहेब... विषय..."

मागं बसलेल्या बायांनी धरलं, "कुलूप उघडणेबाबत!"

"संदर्भ... आमचे मागील पत्रऽऽ..."

"कुलूप उघडणेबाबत!"

'प्रतिलिपी माहितीस्तव सादर' ह्या ओळीवर तिनं अशी तान घेतली, की आतल्या बाबूचा आवक-शिक्का सम गाठून पडायला लागला! ठाणेदार परवानगीचा कागद उलटासुलटा करून पाहत राहिले. गाणं तर गाणंच होतं.

उत्तर पंधरा दिवसांत आलं. एकच ओळ : 'सदर उपकेंद्र दोन वेळा सुरू करण्यात आल्याचे अभिलेखावरून दिसून येते.'

दोन वेळा! कागदावर आमचं उपकेंद्र इतकं चालू होतं, की बंद करायची सोयच नव्हती. मी ते पत्र फाडायला निघालो. तिनं हिसकावून घेतलं, घडी केली आणि ब्लाउजमध्ये ठेवलं. "फाडू नका. माह्याच गाण्याची पावती हाय ते."

त्यानंतर भाऊसाहेबांची माणसं घरोघर फिरली. "ऑर्केस्ट्राची बाई गाव सुधारन का?" तिची मेथी घेऊ नका म्हणून बाजारात सांगितलं. मेथी ती! मेथीनं यांचं काय घोडं मारलं होतं? आम्हालाही बोलावणी बंद झाली. ती लग्नात गात नव्हतीच, आता आम्हीही वाजवत नव्हतो. आणि वर्षाला आठवा लागला.

*

तेवढ्यात तिसरं उद्घाटन ठरलं! निवडणूक तोंडावर आलेली. गर्दी तर पाहिजे, आणि कुसुमताईशिवाय त्या भागात गर्दी जमत नाही. भाऊसाहेब स्वतः तिच्या ओट्यावर येऊन बसले. "ताई, झालं गेलं सोडून द्या."

"सोडलं. येतो आमी."

मी भडकलो. "काहून हो म्हटलं? चार महिने कायले गप्प बसलो मग आपण?"

"तुमी फक्त ईको तयार ठेवा, भाऊ."

त्या दिवशी ओट्यावर झेंडूच्या माळा, फीत, दारावर भाऊसाहेबांचा एवढा मोठा फ्लेक्स, की कुलूपही त्यामागं झाकलेलं. "आत कोणी जाऊ नका, वायरिंग बाकी हाय," त्यांची माणसं सांगत होती. भाऊसाहेब कात्री घेऊन पुढं झाले. आणि चाळीस बाया उठून फितीच्या मागं ओळीनं उभ्या राहिल्या. मधोमध वर्षा, पोटावर हात ठेवून.

नवरा-नवरी लग्न लावून घरी आले, की बहिणी दार अडवतात ना, अगदी तश्शा!

कुसुमताई माइकवर म्हणाली, "भाऊसाहेब, शुभकार्य हाय. नाव घेतल्याबिगर दार सोडत नसते कोणी."

लोक खूश झाले. भाऊसाहेबही हसले. "घेतो ना! कोणाचं घेऊ?"

"इथल्या नर्सबाईचं."

हसू थांबलं. माइक त्यांच्या तोंडापुढं. त्यांनी शेजारच्याला दबक्या आवाजात विचारलं, "नाव काय हाय रे?" मी ईकोचं बटण पिळलं. अख्ख्या शिवारात घुमलं, "हाय रे... हाय रे... रे... रे..."

"नाव घ्या! नाव घ्या!" बाया टाळ्या पिटायला लागल्या.

भाऊसाहेबांना घाम फुटला. आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जे पाठ असतं तेच निघतं :

"हिरव्या हिरव्या शिवारात टपोरी पिकली तूर,
सुलोचनाचं नाव घेतो, व्हा आता दूर!"

तेव्हा मागच्या खुर्चीतून सुलोचनाबाई उभ्या राहिल्या. कुसुमताईनं माइक त्यांच्यापुढं नेला. पाच वर्षांत गावानं आपल्या सरपंचाचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

"माह्यं नाव कायले घेता? मले सलाईन लावता येते का?"

सुलोचनाबाई फीत ओलांडून ओट्यावर चढल्या. फ्लेक्स एका बाजूनं उचलला. कमरेचा चाव्यांचा जुडगा काढला, त्यातली एक चाबी वेगळी केली आणि कुलपात घातली. "गोदामाची म्हणून माह्यापाशी देली व्हती," एवढंच म्हणाल्या.

कुलूप उघडलं.

आत तुरीची पोती. जमिनीपासून खिडकीच्या वरपर्यंत. आतल्या खोलीत बाळंतपणाचा टेबल होता, प्लास्टिकही न काढलेला. त्याच्यावरही पोती. प्रत्येक पोत्यावर निळ्या रंगानं भाऊसाहेबांच्या नावाची अक्षरं.

"दिवाकर, माइक बंद कर!" भाऊसाहेब ओरडले.

माझा हात मिक्सरवरच होता. मी ईको बंद केला. आवाज वाढवला.

बायांनी पदर खोचले आणि पोती बाहेर ओढायला सुरुवात केली. कुसुमताईनं सुलोचनाबाईंची खुर्ची ओट्यावर आणली, वर्षाला तिच्यात बसवलं. मग माइक दोन्ही हातांत धरला, नेहमीसारखे डोळे मिटले.

"हॅलो... माइक टेस्टिंग... मागं ऐकू येऊन राह्यलं का?"

पार मागून, भांडी घासायच्या जागेवरून, एक हात वर झाला.

"एक पोतं... दोन पोते... तीन..."