भागीरथाबाईचं बोट

मले शिव्या द्याच्या असन तं आत्ताच देऊन घ्या, मंग मधात बोलू नका. मी नौशाद. दिग्रसच्या बसस्टँडमागं माझं मोबाइल रिपेरिंगचं दुकान हाय. कोणता फोन धंद्याचा अन् कोणता घरी गाणे पाहाचा, हे मी हातात घेऊन सांगतो. गावात माझा शब्द चालते, म्हणूनच तं हे झालं.

बोंडअळीचं साल होतं. कापूस अर्धाही आला नव्हता. कापसाच्या जिनिंग मिलच्या शेठनं गेटवर हजेरीसाठी टॅबलेट लावाचं ठरवलं. बोटाचा ठसा जुळला तं हजेरी, नाई तं त्या दिवसाची रोजी नाई. दोन नमुने त्यानं माझ्यापुढं टाकले. एक चपटा, चकचकीत, घरवापराचा. दुसरा जाड, रबराच्या कडांचा, तिप्पट भावाचा. म्हणे, "आठ दिवस तपासून सांग, कोणता घ्याचा."

मी दोन्ही कापसाच्या गंजीत खुपसले, उन्हात तापवले, वजनकाट्यावरून खाली पाडले. चपट्याच्या चार्जिंगच्या भोकात रुई जाऊन बसली, पण टाचणीनं निघाली. राह्यलं बोट. मले जिनिंगातलं सगळ्यात वाईट बोट पाह्यजे होतं.

ते भागीरथाबाईचं होतं. सव्वीस वर्षं ती कापसातून कवडी, म्हंजे किडका कापूस, अन् कचरा निवडून राह्यली होती. बोंडाच्या टरफलानं बोटावरच्या रेघा पार घासून गेलत्या. नवरा मेला, लेकरूबाळ नाई. हंगामाच्या चार महिन्यांवर बाई बारा महिने काढे. हे मले माहीत होतं. तरी म्हणलं, "मावशी, या टॅबलेटची परीक्षा तुम्हीच घ्याची."

अरे बाप्पा, काय तिचा थाट! दुसऱ्या दिवशी नवं लुगडं नेसून आली. बायांले म्हणे, "सरका वं, मले तपासणी कराची हाय." रोज दोन्हीवर बोट टेकवे. जाड्यानं पह्यल्याच फटक्यात तिले ओळखलं. चपट्यानं सात दिवसांत एकदाही नाई. आठव्या दिवशी तिनं निकाल दिला, "हा चपटा लेकराईच्या खेळाचा हाय रे नौशाद. वापस कर याले. जाड्या कामाचा."

एकदम बरोबर निकाल होता. मीही शेठले तेच सांगाले गेलतो.

शेठनं इचारलं, "चपट्यावर किती जणींचं बोट लागत नाही?"

मी सगळ्याईचं तपासलं होतं. म्हणलं, "एकीचं."

"मग खराब काय आहे? टॅबलेट का बोट?" अन् वरून म्हणे, चपटे घेतले तं तुझ्याच दुकानातून घेतो.

लाज वाटली मले, नाई म्हणत नाई. पण असं गिऱ्हाईक कोण सोडते?

मी म्हणलं, "बोट."

सोमवारी मी गेटवर चपटा बसवला. हजेरीच्या रांगेत बायांनी तिले मानानं पुढं केलं. तिनं बोट टेकलं. लाल लाइट. पदराले पुसून टेकलं. थुंकी लावून टेकलं. ज्या बायांनी पुढं केलतं त्याच मांगून वरडल्या, "सरक ना माय, आमची हजेरी जाते!" गेटवाल्यानं दंडाले धरून तिले बाजूले केलं.

ती माझ्याकडं पाहून हसली. "नौशाद, तुनं चुकून दुसराच लावला रे."

"चुकून नाई, मावशी. शेठनं हाच घेतला. तुमचं काम संपलं."

तिले समजाले वेळ लागला. मंग हळूच म्हणे, "मी याले नावं ठेवली, म्हणून का? चांगला म्हणली असती तं ठेवलं असतं मले?"

खरं बोललो असतो तं शेठपुढं मी काय म्हणलं तेही सांगा लागलं असतं. मी म्हणलं, "हो, मावशी."

तिनं सगळ्याईसमोर स्वतःच्याच थोबाडीत दोन मारून घेतल्या. मंग त्या टॅबलेटपुढं हात जोडून म्हणे, "चुकलं माझं." मी स्क्रू आवळत उभा राह्यलो.