रंगरूट जेवत नाही

आमच्या भागात फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. तो तिथे शिपाई असो, ड्रायव्हर असो, नाहीतर दादासो शेलारांसारखा लंगरातला, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरातला आचारी असो. पेन्शनचे कागद घेऊन रहिमतपूरला उतरला की झाला मेजर. मी स्वतः जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे, आणि गाव मला डॉक्टर म्हणतं. मेजर आणि डॉक्टर असे आम्ही दोघे शेजारी. एकमेकांच्या हुद्द्याबद्दल आम्ही कधी ब्र काढत नाही.

मेजरांनी चोवीस वर्षं पलटणीला जेवू घातलं. घरी आल्यावर पहिलं काम काय केलं, तर अंजनाकाकींच्या हातातली पळी काढून घेतली. काकींना वाटलं, नव्याची नवलाई आहे, चार दिवसांत उतरेल. त्याला आता अकरा वर्षं झाली. मेजरांचं वरण फक्कड असतं, पण दोन माणसांपुरतं करायचं त्यांना अजून जमलेलं नाही. उरलेलं पातेलं आमच्याकडे येतं, आणि माझ्या बायकोसमोर वरण हा शब्द काढायची आता सोय राहिलेली नाही.

त्यांच्या घरात जेवणाची एक शिस्त आहे. सगळ्यांची ताटं वाढून होईपर्यंत कुणी घास उचलायचा नाही. ताटं झाली की मेजर ताठ बसतात, छाती भरून घेतात आणि चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "खाना… शुरू कर!" मग जेवायचं. सुरुवातीला काकी भडकायच्या. "आवं, मी काय पलटनीतली हाय व्हय? गिळायला बी हुकूम?" म्हणत मुद्दाम आधी घास घ्यायच्या. मग मेजर ताटाकडे नुसते बघत बसायचे. वर्षभरात काकींनी हात टेकले. पुढे पुढे तर लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाढलेल्या ताटापुढे त्या क्षणभर थांबायला लागल्या.

अशा या घरात मी कुत्रं नेऊन टाकलं. उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेलं, सात-आठ महिन्यांचं, तांबूस रंगाचं. मागचा एक पाय मोडला होता. तो मीच बसवला आणि तो जरा वाकडा बसला, हे इथेच कबूल करून टाकतो. दवाखान्यात ठेवायला जागा नव्हती आणि माझ्या घरचं वातावरण वरणावरून आधीच तापलेलं. म्हणून मेजरांना म्हटलं, "पंधरा दिवस सांभाळा. पाय टेकायला लागलं की चांगलं घर बघू."

"पंधरा म्हंजे पंधरा," मेजर म्हणाले. "आन् अंगनात ऱ्हाईल. उंबऱ्याच्या आत घेनार न्हाई."

तिसऱ्या दिवशी ते उंबरा ओलांडून सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत होतं. दहाव्या दिवशी त्याचं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं ताट मेजर आणि काकी यांच्या ताटांच्या मधोमध मांडलेलं मी पाहिलं. नाव ठेवलं होतं रंगरूट, म्हणजे फौजेत नवा भरती झालेला गडी. तोही वाकडा पाय बाजूला काढून ताठ बसे, लाळ गळत असली तरी हलत नसे आणि हुकूम आला की तुटून पडे. पंधरा दिवसांचे पाच महिने झाले. मी घराचा विषय काढला की मेजर म्हणायचे, "पाय आजून कच्चा हाय." आणि कच्चा पाय मी केलेला असल्यामुळे मला गप्प बसावं लागे.

मग काकींचा खोकला सुरू झाला. आधी सगळ्यांनी धुळीला नावं ठेवली, मग फोडणीला. शेवटी खोकून खोकून काकींना झोप लागेना, तेव्हा आम्ही त्यांना मिरजेला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि विचारलं, "घरात कुत्रं आहे का?"

मेजर म्हणाले, "पावना हाय."

"किती दिवसांचा पाहुणा?"

"पाच म्हैनं."

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. काकींना दमा आहे, केसांनी तो वाढतोय, कुत्र्याला दुसरं घर बघा. काकी उठून म्हणाल्या, "मी सोसते की. मुक्या जित्राबाला कुटं घालवायचं?" आगगाडीत कराड गेल्यावर मेजरांनी तोंड उघडलं. "घर बघा, डॉक्टर. पन पसंत मी करनार."

त्यानंतर त्यांनी जी भरती काढली, तशी फौजेतही निघत नसेल. पहिले आले एक पोल्ट्रीवाले. त्यांना राखणीला कुत्रं हवं होतं. मेजरांनी विचारलं, "बांधून ठिवनार का मोकळं?" ते म्हणाले, "बांधूनच की." मेजरांनी त्यांना चहा पाजला आणि जाताना सांगितलं, "चार दिस तुमी सोता साकळीत ऱ्हावा, मग या." दुसरे आले साताऱ्याचे एक बंगलेवाले. त्यांनी चष्म्यातून बघून विचारलं, "जात कुठली याची? आईबाप कोण?" मेजरांनी त्यांना चहासुद्धा दिला नाही. "तुमच्या आईबापाचं मी इचारलं का?" एवढंच म्हणाले. तो बंगलेवाला माझ्या साहेबांचा मेव्हणा निघाला, आणि त्याचं पुढे मला काय ऐकून घ्यावं लागलं तो विषय वेगळा.

घर मिळालं ते मिरजेच्या दवाखान्यातच. काकींना दुसऱ्यांदा दाखवायला गेलो, तेव्हा तिथल्या संयोगिता सिस्टर म्हणाल्या, "तुमचा तो पाहुणा आहे का अजून? माझ्या साक्षीला कुत्रं हवंय." साक्षी त्यांची मुलगी, सहावीतली. मिरजेच्या बाहेर त्यांचं बैठं घर, मागे आवार, आवाराला भिंत. मेजर जाऊन बघून आले. भिंत हातांनी मोजली, फाटकाची कडी तीनदा लावून बघितली. सिस्टरांनी विचारलं, "तो जेवतो किती वाजता? काय काय खातो?" तिथेच मेजर विरघळले.

रंगरूटाला पोचवायला गेलो तेव्हा मेजरांनी दोन पानी हुकूमनामा लिहून नेला होता. सकाळी सहाला फिरणं, सातला जेवण, भाकरी कुस्करून, वरण कोमट, मीठ नाही, थंडीत वाकड्या पायाखाली पोतं. शेवटी सही आणि हुद्दा, हवालदार. त्यांचा खरा हुद्दा मी प्रथमच लेखी पाहिला. त्यांनी कागद दिला, रंगरूटाच्या डोक्यावर एकदा हात ठेवला आणि वळून थेट गाडीत बसले. कासेगाव आल्यावर म्हणाले, "तितं नळाला पानी कवा येतं, त्येवडं इचारायचं ऱ्हायलं बगा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी माझ्या दवाखान्यात असताना सिस्टरांचा मला फोन आला. "डॉक्टर, हा काल रात्रीपासून काही खात नाही. ताट ठेवलं की समोर येऊन बसतो, लाळ गाळतो, आमच्या तोंडाकडे बघतो आणि तोंड लावत नाही. भाकरी झाली, अंडं झालं, आत्ता चिकन दिलंय. साक्षी रडतेय. त्याला जमत नसेल आमच्याकडे, तर परत घेऊन जाता का?"

मी गंभीर आवाजात लिव्हरचं टॉनिक सांगितलं आणि मेजरांकडे गेलो. ऐकून त्यांचा चेहरा आधी उजळला. खोटं कशाला बोलू, तो उजळलेला मी पाहिला. "परत आनू या की," म्हणाले. एवढ्यात आतून काकींना खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत मेजर उभे राहिले. मग त्यांनी मला विचारलं, "बसतोय कसा? ताठ?"

"ताठच म्हणे. ताटापुढं."

मेजरांनी कपाळावर हात मारून घेतला. दोन पानी कागदात पोत्यापर्यंत सगळं लिहिलं होतं, हुकूम तेवढा लिहायचा राहिला होता. राहणारच. हुकमाशिवाय कुणी जेवतं, हे त्यांच्या मनातच कधी आलं नव्हतं.

आमच्या आळीत फोनला रेंज नाही. आम्ही पळत मारुतीच्या पारावर गेलो. सिस्टरांना फोन मोठ्या आवाजावर ठेवायला सांगितला. मेजर पारावर ताठ उभे राहिले आणि गरजले, "रंगरूट! खाना… शुरू कर!"

पलीकडून आधी ताट सरकल्याचा आवाज आला, मग नुसतं लपालपा. साक्षी किंचाळली, "आई, खातोय! खातोय!" पारावर गावातले आकारामतात्या खोबऱ्याचा प्रसाद हातात धरून बसले होते, त्यांनी दचकून तो तोंडात टाकला.

झालं. तेव्हापासून रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला मेजर पारावर. फोन लागायचा, हुकूम सुटायचा, मिरजेत रंगरूट जेवायचा. गावाने त्यावर घड्याळं लावून घेतली. मग मेजर घरी येऊन ताटं वाढायचे आणि तोच हुकूम पुन्हा काकींना द्यायचे.

पंधरा दिवसांनी काकीच म्हणाल्या, "आवं, त्या पोरीला शिकवा की हुकूम. ते कुत्रं तिचं हाय आता. का तुमी जलमभर त्या पारावर वरडत बसनार?"

मेजरांना पटलं, पण सोसलं नाही. शिकवणी सुरू झाली ती अशी: साक्षी पलीकडून ओरडायची आणि मेजर खोड काढायचे. "घशातनं नगं, पोटातनं काड आवाज." दुसऱ्या दिवशी, "खाना म्हनल्यावर थांबायचं. पाठ म्हनतीस का हुकूम देतीस?" तिसऱ्या दिवशी, "'कर'वर जोर न्हाई." मला तर पोरीचा आवाज चांगला खणखणीत वाटत होता. मी तसं म्हटलं, तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमाला जनावरातलं कळतंय. हुकमातलं न्हाई." ती शिकली, की सात वाजता आपल्याला कुठेच जायचं नसणार, याची त्यांना भीती वाटत होती. मला वाईट वाटलं आणि मी त्यापुढे तोंड घातलं नाही.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी आम्ही पारावर उभे होतो. सात वाजले तरी फोन आला नाही. पंधरा मिनिटांनी मेजरांनीच लावला.

"आजोबा, जेवला तो!" साक्षी म्हणाली. "तुमचा फोन लागतच नव्हता, मग मीच ओरडले. एका हुकमात जेवला. आता पायाशी झोपलाय माझ्या."

"शाब्बास," मेजर म्हणाले. "शाब्बास, पोरी." फोन माझ्या हातात देऊन ते घराकडे चालायला लागले. त्यांना एकटं सोडवेना, म्हणून मीही मागे गेलो.

त्यांनी ताटं मांडली. सवयीने तीन मांडली. मधलं जर्मनचं ताट हातात घेऊन जरा वेळ थांबले, मग ते ठेवून कपाटातलं स्टीलचं काढलं आणि मला म्हणाले, "बसा." मी रंगरूटाच्या जागी बसलो. भाकरी, वरण, वांग्याची भाजी वाढून झाली. मेजर ताठ बसले, छाती भरून घेतली आणि तसेच राहिले. हुकूम सुटेना. वरणावर साय धरायला लागली. मी घास उचलावा की नाही ते कळेना. त्या घरात मलाही आता धीर होत नव्हता.

काकींनी एकदा नवऱ्याकडे बघितलं. त्यांनी पदर नीट केला, पाठ ताठ केली आणि पोटातून असा आवाज काढला की दारातली कोंबडी फडफडून उडाली.

"मेजर! खाना… शुरू कर!"

अकरा वर्षांत त्यांनी नवऱ्याला "आवं" सोडून दुसरी हाक मारल्याचं मी ऐकलं नव्हतं. आणि एवढं ओरडूनही काकींना साधा ठसकासुद्धा लागला नाही. मेजरांच्याही ते ध्यानात आलं असावं. ते काकींच्या छातीकडे कान लावल्यासारखे घटकाभर बघत राहिले. खोकला आला नाही. मग त्यांनी डोळे पुसले आणि भाकरी मोडली.

"'कर'वर जोर कमी हाय," म्हणाले, आणि जेवायला लागले.